आयातीचा माल बंदरात अडकू नये म्हणून कागद कसे करून घ्यावेत

परफॉर्मा इन्व्हॉइस (पुरवठादाराने ऑर्डरआधी पाठवलेलं कच्चं बिल) हातात आली की बहुतेक जण दर बघतात, पेमेंटच्या अटी बघतात आणि ॲडव्हान्स पाठवून मोकळे होतात. कागदांचं पुढे सीएचए (कस्टम्समधून माल सोडवून देणारा एजंट) बघेल, असं गृहीत धरलेलं असतं. बेअरिंग, व्हॉल्व्ह, फिटिंग, बोल्ट, सील असा माल मी कारखान्यासाठी कित्येक वर्षं बाहेरून मागवते आहे, आणि ‘सीएचए बघेल’ हा सल्ला आजही कुणी नव्या माणसाला देताना ऐकला की मला चीड येते. सीएचए तुमच्याच कागदांवरून बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचं आयातीचं विवरण, भरतो. कागद मोघम असतील तर तो कितीही हुशार असला तरी काय करणार? आणि जहाज निघाल्यावर दुरुस्त केलेली इन्व्हॉइस पाठवली, तर ‘आधी वेगळं का लिहिलं होतं’ हा प्रश्न येणारच. म्हणून पुढची बरीचशी कामं ॲडव्हान्स पाठवण्याच्या आधीची आहेत.

आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड), जीएसटी नोंदणी, बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) हे तुमच्याकडे आहे असं धरते. एकच आठवण करून देते: आयईसी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर जाऊन अद्ययावत करावी लागते, त्यात काहीही बदल नसला तरी. राहून गेलं तर ती निष्क्रिय होते आणि ते नेमकं बिल भरायच्या दिवशी कळतं.

इन्व्हॉइसमधली प्रत्येक ओळ

इथे मी स्वतः अडकले होते, त्यामुळे इथे सविस्तर लिहिते.

एका जुन्या हायड्रॉलिक प्रेसच्या दुरुस्तीसाठी आम्ही एक पूर्ण संच मागवला होता. पेटीत एक सिलिंडर, चार सोलेनॉइड व्हॉल्व्ह, दोन प्रेशर गेज, रबरी ओ-रिंगांची पाकिटं आणि बरेच हेक्स बोल्ट होते. पुरवठादाराने इन्व्हॉइसवर एकच ओळ लिहिली होती: मशीन पार्ट्स, १ लॉट. पुढे प्रेसच्या सुट्या भागांचा ८४६६ हा कोड, म्हणजे कस्टम टॅरिफमधला वर्गीकरणाचा क्रमांक. मला ते सोयीचं वाटलं. सगळं प्रेससाठीच तर होतं.

न्हावा शेवाला माल उतरला आणि कस्टम्सची क्वेरी आली: प्रत्येक वस्तूचं वेगळं वर्णन, नग, किंमत, कॅटलॉग आणि वापर कळवा. पुरवठादाराकडून फोड करून घेण्यात चार दिवस गेले. फोड केल्यावर दिसलं की बोल्ट लोखंड-पोलादाच्या ७३व्या चॅप्टरमध्ये जातात, आणि त्यासाठी लागणारी स्टील आयातीची नोंदणी आम्ही केलेलीच नाही. माल सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात), भाड्याचा आणि डिटेन्शनचा (कंटेनर वेळेत परत न दिल्याच्या आकाराचा) मीटर चालू, इकडे प्रेस बंद. माल हातात यायला एकूण १८ दिवस लागले. कोडमधली चूक पुरवठादाराने केली होती, पण ती ओळ वाचून मंजूर मी केली होती.

तेव्हा जे शिकले ते असं. ‘हा भाग अमुक यंत्राचा आहे, म्हणून त्याचा कोडही त्या यंत्राच्या सुट्या भागांचा’ ही समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते. कस्टम टॅरिफमधल्या सेक्शन १५ आणि सेक्शन १६ च्या सुरुवातीला ज्या टिपा दिल्या आहेत, त्या एकदा शांतपणे वाचा. दोन-तीन पानांचं काम आहे आणि त्यातच निम्मी उत्तरं आहेत. बोल्ट, नट, स्क्रू, वॉशर, स्प्रिंग, साखळी, पाइप फिटिंग अशा वस्तूंना तिथे सर्वसाधारण वापराचे भाग मानलं आहे. ते कुठल्याही यंत्रात बसणार असले तरी यंत्राच्या सुट्या भागांत धरले जात नाहीत. पोलादी बोल्ट कोट्यवधींच्या मशीनसाठी असला तरी ७३१८ मध्येच जातो. पोलादी स्प्रिंग ७३२०, पाइप फिटिंग ७३०७.

दुसरी टीप यंत्रांच्या भागांबद्दल आहे. ज्या भागाला ८४ किंवा ८५ व्या चॅप्टरमध्ये स्वतःचं स्वतंत्र शीर्षक (चार अंकी कोड) आहे, तो त्या शीर्षकातच जातो. बॉल बेअरिंग ८४८२. तेच बेअरिंग हाउसिंगमध्ये बसवून आलं, म्हणजे आपण ज्याला प्लमर ब्लॉक म्हणतो, तर ८४८३. व्हॉल्व्ह ८४८१, हायड्रॉलिक सिलिंडर ८४१२, मोटर ८५०१. रबरी ओ-रिंग तर यंत्रांच्या चॅप्टरमध्येही नाही, ती ४०१६ मध्ये. मेकॅनिकल सील मात्र ८४८४. प्रेशर गेज ९०२६. या सगळ्यातून जे उरेल आणि खरोखर त्याच यंत्रासाठी घडवलेलं असेल, त्यालाच सुट्या भागांचा कोड लावायचा. आमच्या त्या पेटीत अशी एकही वस्तू नव्हती.

पुरवठादाराने दिलेला कोड जसाच्या तसा उचलू नका. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, त्यापुढचे अंक प्रत्येक देशाचे स्वतःचे. चीनहून येणारा दहा अंकी कोड आपल्याकडे चालत नाही. आपले आठ अंक आपणच ठरवायचे. आणि तो पुरवठादार त्याच्या निर्यातीच्या सोयीने कोड लावतो, त्यामुळे त्याचे पहिले सहा अंकही तपासून घ्या.

वर्णन एवढं नीट का लागतं, हेही समजून घ्या. पूर्वी कस्टम हाउसमध्ये जाऊन, नमुना दाखवून दोन वाक्यांत समजावता यायचं. जून २०२० मध्ये फेसलेस असेसमेंट बेंगळुरू आणि चेन्नईत सुरू झालं, तेही यंत्रसामग्रीच्या ८४ आणि ८५ या चॅप्टरपासून, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ते देशभर लागू झालं. आता न्हावा शेवाला उतरलेला तुमचा माल दुसऱ्याच शहरातला अधिकारी स्क्रीनवर तपासतो. त्याला पेटी दिसत नाही, तुम्ही दिसत नाही. त्याला फक्त ओळ दिसते. ‘मशीन पार्ट्स’ वाचून त्याने क्वेरी काढली तर त्यात त्याची चूक काहीच नाही.

म्हणून मी पुरवठादाराला प्रत्येक ओळ कशी लिहायची ते आधीच लिहून पाठवते: वस्तू काय, कशाची, कोणत्या मापाची, कोणत्या दर्जाची, कुणी बनवलेली आणि मॉडेल नंबर काय. ‘बोल्ट’ एवढंच नको. ‘हेक्स बोल्ट, अलॉय स्टील, एम१२, लांबी ६० मिमी, ग्रेड १०.९, झिंक प्लेटेड, ४०० नग, निव्वळ वजन इतके किलो’ असं हवं. वजन मुद्दाम मागा. टॅरिफमध्ये ७३१८ चं एकक किलो आहे आणि पुरवठादार नगांत बिल करतात. पॅकिंग लिस्टमध्ये ओळीगणिक निव्वळ वजन नसेल तर आणखी दोन दिवस ईमेलमध्ये जातात.

व्हॉल्व्ह, मोटर, सेन्सर असं काही असेल तर कॅटलॉगचं पान आणि वापर सांगणारं अर्ध्या पानाचं टिपण आधीच तयार ठेवा. इन्व्हॉइससोबत ई-संचितवर (कस्टम्सला कागद ऑनलाइन द्यायच्या सोयीवर) तेही चढवा. क्वेरी येण्याआधीच उत्तर तिथे असतं.

कमी शुल्काचा कोड सुचवणारे लोक भेटतात. ऐकू नका. पुढे ऑडिटमध्ये सापडलं तर फरकाचं शुल्क, व्याज आणि दंड तिन्ही भरावं लागतं, आणि त्यानंतरची प्रत्येक खेप जास्त बारकाईने तपासली जाते. एखादी वस्तू खरंच दोन शीर्षकांच्या मध्ये पडत असेल आणि ती तुम्ही वारंवार मागवणार असाल, तर अ‍ॅडव्हान्स रूलिंगसाठी, म्हणजे कोडबद्दल आधीच मिळणाऱ्या अधिकृत निर्णयासाठी, अर्ज करा. त्यासाठीची प्राधिकरणं मुंबई आणि दिल्लीला आहेत. मिळालेला निर्णय कस्टम्सवर बंधनकारक असतो, आणि कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर काही वर्षं चालतो. छोट्या कारखान्यांना हे मोठ्यांचं काम वाटतं. तसं अजिबात नाही.

कोड ठरल्यावर, माल निघण्याआधी

कोड हातात आला की त्या आठ अंकांवर तीन गोष्टी तपासा.

पहिली, स्टील आयातीची नोंदणी, म्हणजे सिम्स. ही १ नोव्हेंबर २०१९ पासून आहे आणि ७२, ७३, ८६ या चॅप्टरना लागू होते. नोंदणी पोर्टलवर माल येण्याआधी करायची आणि तिचा क्रमांक बिल ऑफ एंट्रीत घालायचा. पेटीभर बोल्टांनाही ती लागते, हे विसरू नका. मी तर ऑर्डर पक्की झाली की त्याच आठवड्यात नोंदणीच्या तारखांची मुदत बघून घेते.

दुसरी, गुणवत्ता नियंत्रण आदेश, म्हणजे क्यूसीओ. तुमच्या वस्तूवर असा आदेश लागू असेल तर माल बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) परवाना असलेल्या कारखान्यातूनच यायला हवा. हा परवाना बनवणाऱ्या कारखान्याच्या नावाने, त्या पत्त्याच्या जागेसाठी असतो. मधल्या व्यापाऱ्याने दाखवलेलं प्रमाणपत्र दुसऱ्याच कारखान्याचं असेल तर त्याचा काही उपयोग नाही. बोल्ट, नट आणि फास्टनर्ससाठी असा आदेश २०२३ मध्ये निघाला आणि त्याची अंमलबजावणी पुढे सरकली. पंप, कॉम्प्रेसर, मशीन टूल्स आणि त्यांच्या भागांसाठीचा मोठा आदेश ऑगस्ट २०२४ मध्ये निघाला, त्याचीही तारीख पुढे ढकलली गेली. या तारखा बदलत राहतात, म्हणून मागच्या खेपेला चाललं म्हणून या खेपेला चालेल असं धरू नका. ऑर्डर देण्याच्या दिवशी राजपत्रातली ताजी अधिसूचना उघडून वाचा. परवाना मिळायला महिने लागतात, आणि माल बंदरात असताना तो मिळवणं शक्य नसतं.

तिसरी, अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात येणाऱ्या परदेशी मालावरचं जादा शुल्क. तेही देशानुसार आणि उत्पादकानुसार बघायचं असतं.

जपान, कोरिया किंवा आसियान देशांतून सवलतीच्या शुल्काने माल आणायचा असेल तर नुसतं मूळ देशाचं प्रमाणपत्र पुरत नाही. सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियम आहेत. त्यांनुसार तो माल तिथे खरंच कसा बनला याची माहिती आयातदाराकडे असायला हवी आणि विचारली तर देता यायला हवी. पुरवठादार ही माहिती द्यायला खळखळ करत असेल तर मी सवलत मागत नाही, पूर्ण शुल्क भरते. वाचलेल्या पैशांपेक्षा चौकशीत गेलेले आठवडे महाग पडतात.

किमतीबद्दल थोडक्यात. शुल्क सीआयएफ किमतीवर, म्हणजे माल, विमा आणि भाडं मिळून होणाऱ्या किमतीवर लागतं. एफओबीवर (जहाजावर चढवेपर्यंतच्या, भाडं-विमा सोडून किमतीला) माल घेतला असेल तर भाड्याचं आणि विम्याचं बिल हातात ठेवा. ते नसेल तर भाडं एफओबीच्या २० टक्के आणि विमा १.१२५ टक्के धरला जातो, आणि समुद्रमार्गे खरं भाडं बहुधा त्याहून बरंच कमी असतं.

लाकडी पेट्या आणि पॅलेट असतील तर त्यांवर आयएसपीएम १५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का हवाच. पेटी बंद केल्यावर शिक्क्याचे फोटो मागवा. दहा मिनिटांचं काम आहे. तो नसेल तर वनस्पती संगरोध विभागाकडून प्रक्रिया होईपर्यंत आतल्या बेअरिंगांनाही बाहेर पडता येत नाही.

जहाज निघाल्यावर

बिल ऑफ लेडिंगचा (शिपिंग लाइन मालासाठी देते त्या कागदाचा) मसुदा छापण्याआधी मागवून घ्या. नाव, पत्ता, पेट्यांची संख्या आणि एकूण वजन पॅकिंग लिस्टशी अक्षरन् अक्षर जुळवा. शिपिंग लाइन हीच माहिती कस्टम्सला कळवते, आणि मागाहून दुरुस्ती म्हणजे अर्ज, शुल्क आणि दिवस. ओळखीचा पुरवठादार असेल तर मूळ कागद कुरिअरने मागवू नका, टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ कागदाशिवाय माल सोडायची शिपिंग लाइनची सोय, घ्या. माल आधी आणि कुरिअर नंतर, असं माझ्या बाबतीत दोनदा झालं आहे.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत भरता येतं. भराच. २०२१ पासून बहुतेक देशांतून समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी ते माल येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलेलं असावं लागतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि पुढे रोज १० हजार रुपये. शुल्क वेळेत भरलं नाही तर वर १५ टक्के दराने व्याज.

सीएचएने भरलेली चेकलिस्ट (बिल ऑफ एंट्रीचा मसुदा) सबमिट करण्याआधी स्वतः वाचा. मी फोनवर ‘हो’ म्हणत नाही, कागद समोर ठेवून ओळ न् ओळ तपासते. जीएसटी नंबर चुकला तर आयातीवर भरलेल्या आयजीएसटीचं क्रेडिट तुमच्या जीएसटीआर-२बी या क्रेडिटच्या विवरणात दिसतच नाही.

क्वेरी आलीच तर त्याच दिवशी, पूर्ण उत्तर द्या. विचारलेल्या चार मुद्द्यांपैकी तीनचं उत्तर दिलं तर चौथ्यासाठी नवी क्वेरी येते आणि तुम्ही पुन्हा रांगेत जाता. उत्तरात कॅटलॉगचं पान क्रमांकासह दाखवा, टॅरिफमधली टीप उद्धृत करा.

आउट ऑफ चार्ज (माल सोडायची कस्टम्सची परवानगी) मिळण्याची वाट न बघता शिपिंग लाइनची थकबाकी भरून तिची डिलिव्हरी ऑर्डर (माल द्यायचा आदेश) तयार ठेवा आणि कंटेनरचे फुकटचे दिवस किती आहेत हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या. माल कारखान्यात आला की त्या खेपेची इन्व्हॉइस, कॅटलॉग, क्वेरी आणि दिलेली उत्तरं एका फोल्डरमध्ये ठेवा. सवलतीच्या शुल्काने आणलेल्या मालाची मूळ देशाची माहिती निदान पाच वर्षं जपावी लागते. पुढच्या खेपेला तीच वस्तू असेल तर त्या फोल्डरमधली ओळ उचलून पुरवठादाराला पाठवायची, आणि मधल्या काळात क्यूसीओची तारीख बदलली का एवढं पुन्हा बघायचं.