पाण्यात बंद पडलेल्या डिझेल गाडीला सेल्फ मारू नका

डिझेल गाडी पाण्यातून निघतेच, हा समज कितीतरी इंजिनांच्या मुळावर आला आहे. डिझेलला स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे ओल लागली म्हणून ते सहसा अडखळत नाही, हे खरं. पण म्हणूनच ते काही इशारा न देता चालत राहतं आणि एअर इनटेकचं तोंड बुडालं की हवेऐवजी पाणी ओढतं.

हवा दाबली जाते, पाणी नाही. दीड लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला साधारण ३७५ मिलि येतात. कॉम्प्रेशन १६:१ असेल, म्हणजे आतली हवा दाबून सोळावा हिस्सा होत असेल, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर फक्त २५ मिलि जागा उरते, म्हणजे चहाचे पाच चमचे. त्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टन अडतो आणि त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. १०:१ च्या तेवढ्याच पेट्रोल इंजिनात ही जागा ४० मिलिच्या वर असते.

म्हणून पावसाआधीच बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्यापासून पुढे जाणारा पाइप धरत गेलात की तोंड सापडतं, बहुधा ग्रिलच्या मागे किंवा हेडलाइटजवळ. जमिनीपासून ते किती उंच आहे ते टेपने मोजा. पाइपचा एखादा जोड सैल असेल तर पाणी तिथूनच शिरेल, तेव्हा क्लिपाही हाताने हलवून बघा. मात्र मोजलेल्या उंचीपर्यंत पाणी चालेल असं समजू नका, कारण गाडीपुढे लाट उठते. चाकाचा मध्य किंवा मॅन्युअलमधला आकडा, यातलं जे कमी ती तुमची मर्यादा. पाणी वाहतं असेल तर उतरूच नका.

जावंच लागलं तर एसी बंद करा, म्हणजे रेडिएटरचा पंखा पाण्यात फिरण्याची शक्यता कमी होते. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारं ऑटो स्टार्ट-स्टॉपही बंद करा. हे बटण हमखास विसरलं जातं. पहिला गिअर, माणसाच्या चालीचा वेग, १५०० ते २००० आरपीएम. मध्ये गिअर बदलू नका. समोरून मोठी गाडी येत असेल तर कोरड्यात थांबून तिची लाट जाऊ द्या. सायलेन्सरमधून पाणी शिरेल या भीतीने रेस करू नका. चालू इंजिनाचा धूर पाणी बाहेर ढकलतोच, जास्त रेसने इनटेकची ओढ मात्र वाढते.

बंद पडलीच तर इग्निशन बंद. सेल्फ नाही, धक्का स्टार्ट तर अजिबात नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाहेर काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि गाडी गॅरेजला न्या. ऑटोमॅटिक असेल तर चारही चाकं उचलूनच.

गॅरेजमध्ये आधी फिल्टरचा डबा उघडायला सांगा. कागद भिजलेला असेल तर इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा होज काढून साचलेलं पाणी सोडावं, सगळे ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे) काढावेत आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावं. अडलं तर जोर लावायचा नाही. मोकळं फिरलं तर डिझेलचं इंजेक्शन बंद ठेवून काही सेकंद सेल्फ मारावा. प्लगच्या भोकांतून पाणी जोरात उडतं, तेव्हा तोंड बाजूला ठेवावं. डिपस्टिकवर तेल वर चढलेलं किंवा दुधाळ दिसलं तर तेल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नये. दहा-पंधरा मिनिटं चालवून तेल पुन्हा बदलावं. डिझेल फिल्टरच्या खालच्या स्क्रूतून पाणीही काढावं.

इंजिन सुरू झालं म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणं, टाळू नका. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा कमी आला तर हेड उतरवून पिस्टनची उंची मोजून घ्या. थोडा वाकलेला रॉड काही दिवस गुपचूप चालतो, मग धावत्या इंजिनात तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो.