केपटाउनला खगोलशास्त्रासाठी येताय? मग हे आधी वाचा

पुण्या-मुंबईहून पोस्टडॉक किंवा लेक्चरर म्हणून इकडे येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात: घर कुठे बघू, डाळी-मसाले मिळतात का, रात्री फिरता येतं का. ते आधी उरकते. ऑब्झर्व्हेटरी, मोब्रे, रोंडेबॉश या भागांत घर बघा. रात्री पायी हिंडू नका. डाळी मिळतात, गोडा मसाला मात्र बॅगेत टाका. पदव्यांचं साक्वाकडून (पदव्या तपासणारी इथली सरकारी संस्था) मूल्यांकन आणि पोलिसांचा दाखला ही कामं भारतातूनच सुरू करा. बँकेत पत्त्याचा पुरावा मागतील, तेव्हा विभागाचं पत्र पहिल्या आठवड्यातच घेऊन ठेवा. जून-जुलैत पाऊस आडवा येतो. छत्री टिकत नाही, चांगलं जाकीट घ्या.

आता कामाचं. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० अँटेना पाहिलेल्यांना इथल्या मीरकॅट या रेडिओ दुर्बिणीच्या साडेतेरा मीटरच्या ६४ अँटेना लहान वाटतील. त्या कारूच्या ओसाड माळावर आहेत आणि रेडिओ शांतता जपायला, म्हणजे मोबाइलसारख्या लहरींचा अडथळा येऊ नये म्हणून, तिथे २००७चा स्वतंत्र कायदा आहे. तुम्हाला तिथे क्वचितच जावं लागेल, डेटा सर्व्हरवर मिळतो. सदरलंडच्या सॉल्ट या प्रकाशीय दुर्बिणीचंही तसंच. निरीक्षणं तिथलीच माणसं रांगेप्रमाणे करतात, तुम्ही फक्त प्रपोजल लिहायचं. आपली पुण्याची खगोलशास्त्र संस्था आयुका सॉल्टमध्ये भागीदार आहे, त्यामुळे पुण्याच्या मंडळींना ही पद्धत नवी नाही.

दुर्बिणी आहेत. त्या वापरणारी इथली माणसं तयार करणं हे खरं काम, आणि तुम्हाला बोलावलंय ते बऱ्याच अंशी त्यासाठी. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठांना फारसं काही मिळालं नव्हतं आणि खगोलशास्त्रज्ञ मोजक्या ठिकाणी विखुरलेले होते. म्हणून २००३मध्ये ‘नास्प’ हा खगोलशास्त्राचा राष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू झाला. वेगवेगळ्या विद्यापीठांतले आणि वेधशाळांतले लोक येऊन आपापला विषय शिकवतात, विद्यार्थी एकत्र शिकतात. ज्यांच्या पदवीत भौतिकशास्त्र कमी पडलं त्यांच्यासाठी जास्तीचं तयारीचं वर्षही ठेवलं. त्या मुलांना कच्चं समजून शिकवू नका. प्रयोगशाळा नव्हती म्हणून जे करायला मिळालं नाही ते करायला मिळालं की बरीचशी भरभर पुढे जातात.

वर्गात ‘समजलं का?’ विचारलंत तर सगळे ‘हो’च म्हणणार. त्यापेक्षा एक मीरकॅटची फाइल द्या आणि कॅलिब्रेशन (अँटेनांच्या मोजणीतल्या चुका दुरुस्त करणं) समोर करायला लावा. प्लॉटमध्ये एक अँटेना वेडीवाकडी दिसली की कोण ती फ्लॅग करतं, म्हणजे तिचा डेटा बाजूला काढतं, कोण नुसतं पुढच्या पायरीवर जातं, तिथे खरं कळतं. आणि फेब्रुवारीत, वर्ष सुरू होताना, कुणी दोन आठवडे गायब झालं तर आळशी ठरवू नका. बर्सरीचे (शिष्यवृत्तीचे) पैसे यायचे असतात, भाडं थकलेलं असतं, वर त्याच पैशातून घरीही पाठवायचे असतात. विभागाच्या ऑफिसात जाऊन पाठपुरावा करा, मेलने काम होत नाही.

दक्षिण आफ्रिकेबाहेरची मुलंही भेटतील. ब्रिटन आणि दक्षिण आफ्रिकेच्या ‘दारा’ प्रकल्पात घाना, केनिया, झांबिया, मादागास्कर अशा देशांतल्या पदवीधरांना रेडिओ खगोलशास्त्राचं प्रशिक्षण मिळालं. घानात कुंटुन्से इथली दूरसंचाराची ३२ मीटरची जुनी डिश दुरुस्त करून २०१७मध्ये रेडिओ दुर्बीण म्हणून सुरू केली. मला हा नमुना आवडतो: वस्तू तिथलीच, ती चालवणारी माणसं तिथलीच. मात्र प्रशिक्षण घेऊन परतलेल्याला घरी नोकरीची जागा नसेल तर तो दुसऱ्या देशात जातो, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्यासारख्या देश सोडून आलेल्यांना तर मुळीच नाही.

म्हणून पीएचडीचा विद्यार्थी घेण्याआधी तुमचा करार कधी संपतो ते बघा. पीएचडीला त्याहून जास्त वेळ लागणार. तेव्हा कायम नोकरीतला सह-मार्गदर्शक पहिल्याच दिवशी ठरवा, तोही जमल्यास विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विद्यापीठातला. पेपरवर पहिलं नाव कुणाचं, डेटा कुणाच्या खात्यात राहील, तुम्ही गेल्यावर दर आठवड्याची मीटिंग कोण घेईल, हे सगळं लिहून तिघांनी सह्या करा. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, पण इथले वरिष्ठ त्याला नावं ठेवत नाहीत, उलट बहुतेक तेच मागतात.