साताऱ्यातून हिमबचावाकडे: मुलींनी सुरुवात कुठून करावी

महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या जेटीवर दव गोठलं की सातारा जिल्ह्यात त्याची बातमी होते. आपल्याकडचं बर्फ तेवढंच. त्यामुळे पर्वतबचाव आणि हिमसुरक्षेच्या कामात यायचं ठरवलं की पहिला विचार मनालीच्या तिकिटाचा येतो. उलटं करा. दोर, जखमीला हाताळणं, शोधकाम, वायरलेसवर मोजकं बोलणं हे सगळं इथेच पक्कं करा आणि हिमालयात फक्त बर्फ शिकायला जा. तिथले दिवस महाग असतात, ते गाठी शिकण्यात घालवू नयेत.

मुलींना जमेल का, हा प्रश्न साताऱ्यात तरी निकालात निघालाय. इथल्या प्रियांका मोहिते २०१३ मध्ये एव्हरेस्टवर, २०२१ मध्ये अन्नपूर्णावर आणि २०२२ मध्ये कांचनजंगावर गेल्या. बचावाचं काम मात्र शिखर गाठण्याहून निराळं, त्याची तयारीही निराळी.

पहिलं वर्ष दोराचं

जिल्ह्यातल्या पथकाशी जोडून घ्या. साताऱ्यात शिवेंद्रसिंहराजे रेस्क्यू टीम आहे, महाबळेश्वरला महाबळेश्वर ट्रेकर्स आहेत. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस कोसळली, तेव्हा भर पावसात दरीत उतरणाऱ्यांत महाबळेश्वरचे ट्रेकर होते. पहिल्या पावसाळ्यात तुम्हाला कुणी दरीत सोडणार नाही. गर्दी मागे सारा, दोर वाहा आणि नोंदी ठेवा. कोण किती वाजता दोरावर गेलं, जखमी शुद्धीवर होता का, नाडी किती होती, पाणी पाजलं का. वही भिजते, म्हणून पेन्सिल आणि प्लास्टिकची पिशवी खिशात हवी. दवाखान्यात डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात, आणि बहुतेक वेळा सांगणारं कुणी नसतं.

गाठी मोजक्याच पुरतात: आठाची गाठ, क्लोव्ह हिच, मुंटर हिच आणि प्रुसिक, म्हणजे बारीक दोरीने जाड दोराला पकडून धरणारी गाठ. पण त्या अंधारात, ओल्या हातमोज्यांनी आल्या पाहिजेत. ११ मिलिमीटरच्या स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणाऱ्या, दोरावर प्रुसिकसाठी ६ मिलिमीटरची दोरी घ्या आणि तीन वेढे द्या. दोन्हींची जाडी जवळजवळ सारखी झाली की प्रुसिक पकडत नाही, घसरते. दोन अँकरमधला, म्हणजे दोर जिथे बांधतो त्या आधारांमधला, कोन ६० अंशांच्या आत ठेवा. तो १२० अंशांवर गेला की प्रत्येक अँकरवर पूर्ण वजन येतं, म्हणजे दोन अँकर घेऊन फायदा शून्य. आपल्या बेसॉल्टच्या कडा धारदार असतात, तिथे दोराखाली जाड पोतं घातल्याशिवाय वजन टाकायचं नाही. कास-महाबळेश्वरची लाल माती दोरात शिरली की आतून तंतू कापत राहते. दोर साध्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.

ताकदीची भीती बहुतेक मुलींना असते. ८० किलोचा जखमी तीन-एकच्या पुली रचनेने, म्हणजे वजन तीन भागांत वाटून, ओढायला कागदावर २७ किलो जोर लागतो. पुलीऐवजी नुसती कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची कडी, वापरली तर घर्षणामुळे तो ४० च्या पुढे जातो, आणि दोर कड्याच्या धारेवर घासत असेल तर आणखी वर. म्हणजे दंड फुगवण्याआधी दोन चांगल्या पुली घ्या.

शरीराची तयारी

१५ किलोची पाठपिशवी घेऊन अजिंक्यतारा किंवा यवतेश्वरचा चढ, आठवड्यातून तीनदा. पिशवीचं वजन खांद्यावर न येता कमरेच्या पट्ट्यावर आलं पाहिजे. पुरुषांच्या मापाची पिशवी लांब पडते आणि पट्टा पोटावर येतो, तेव्हा पाठीची उंची मोजूनच घ्या. हार्नेस, म्हणजे दोराला जोडायचा कमर-मांड्यांचा पट्टा, तोही मांड्यांचे पट्टे वेगळे आवळता येणारा हवा.

हिमोग्लोबिन चार-सहा महिने आधी तपासा. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. लोहाचा साठा भरायला महिने लागतात, कोर्सच्या आधी पंधरा दिवस गोळ्या खाऊन काही होत नाही. हिमनदीवर आडोसा नसतो म्हणून बऱ्याच जणी पाणीच कमी पितात. हे सगळ्यात वाईट: दमछाक वाढते, डोकं दुखायला लागतं आणि ते विरळ हवेमुळे की पाण्याच्या कमतरतेमुळे, हे कुणालाच कळत नाही. सगळ्या जणींनी मिळून एक जागा ठरवा, एक दोराजवळ थांबेल, आणि पाणी वेळेवर प्या.

ऊस गेलेल्या रानातला सराव

हिमस्खलनात गाडलेला माणूस शोधायला तीन गोष्टी लागतात: ट्रान्सीव्हर म्हणजे रेडिओ संकेत सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र, प्रोब म्हणजे जोडून लांब होणारी काठी, आणि धातूचं फावडं. तिन्ही प्रत्येकाच्या अंगावर असल्या तरच उपयोग. जगभर सगळे ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कंपनी कुठलीही चालेल, पण तीन अँटेनाचाच घ्या. महाग आहेत. चार-पाच जणींनी मिळून दोन घेतले तरी सराव होतो.

जागा म्हणून तोडणी झालेलं, पाचट न जाळलेलं १५-१६ गुंठ्यांचं रान पाहा. वरून विजेची लाइन जात असेल किंवा शेजारी मोटर चालू असेल तर दुसरं रान बघा, आकडे उड्या मारतात. एका मुलीने ट्रान्सीव्हर प्रक्षेपणावर ठेवून डब्यात घालायचा, डबा जुन्या गादीत गुंडाळायचा आणि त्यावर कमरेएवढा पाचटाचा ढीग करायचा. आणखी पाच-सहा रिकामे ढीग करा, नाहीतर डोळ्यांनीच सापडतो.

शोधणारीने आपला ट्रान्सीव्हर शोधावर टाकून रानात ४० मीटरच्या अंतराने समांतर पट्टे चालायचे. बांधापासून मात्र २० मीटरच्या आत राहायचं. पहिला आवाज आला की यंत्रावर बाण आणि मीटरमधल्या अंतराचा आकडा दिसतो, बाणाच्या मागे जा. बाण सरळ नेत नाही, वळणाने नेतो, त्यावर विश्वास ठेवा. आकडा वाढत चालला असेल तर उलट दिशेने निघालात, मागे फिरा. आकडा तीनच्या आसपास आला की धावणं बंद. गुडघ्यावर बसा, यंत्र जमिनीलगत धरा आणि न फिरवता आधी एका रेषेत, मग तिच्या आडव्या रेषेत सगळ्यात लहान आकडा शोधा. इथेच घाई नडते: मनगट फिरलं की अँटेना बदलते, आकडा बदलतो आणि शोधणारी भलत्याच ढिगाकडे जाते.

लहान आकड्याच्या जागी प्रोब घाला, नाही लागलं तर २५ सेंटिमीटरच्या अंतराने बाहेर बाहेर गोल जात राहा. प्रोब उताराला काटकोनात जायला हवा. गादीचा मऊपणा आणि मातीचा टणकपणा हाताला वेगळा लागतो, तोच शिकायचाय. लागलेला प्रोब उपसू नका, तीच खूण. रानात महागाचा प्रोब मातीत वाकतो, साधी गुळगुळीत काठी वापरा.

खोदकाम पाचटात शिकता येत नाही. थांबलेला हिमलोट सिमेंटसारखा घट्ट बसतो, म्हणून ओल्या क्रश सँडचा दाबलेला ढीग बरा. प्रोबच्या डोक्यावर खणू नका, उताराच्या खालच्या बाजूने खणा. प्रोबवर खोली वाचा आणि तिच्या दीडपट अंतरावरून सुरुवात करा. पुढची तोडते, मागच्या वल्ह्यासारखं मागे ढकलत राहतात, आणि पुढची दर मिनिटाला बदलायची.

पहिल्या आवाजापासून प्रोब लागेपर्यंत पाच मिनिटांच्या आत आलं पाहिजे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसं वाचतात. त्यानंतर गुदमरून मृत्यू वाढतात, आणि अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी उरते. हेलिकॉप्टर एवढ्यात येत नाही, जे करायचं ते जवळच्यांनीच.

मोबाइल आणि स्मार्टवॉच प्रक्षेपण करताना २० सेंटिमीटर, शोध घेताना ५० सेंटिमीटर दूर ठेवा, शक्यतो बंदच. बॅटऱ्या कंपनी सांगेल त्याच, बहुधा अल्कलाइन. चार्जिंगच्या सेलवर उरलेली शक्ती चुकीची दिसते आणि यंत्र अचानक बंद पडतं.

कोर्स कोणते, कुठल्या क्रमाने

दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ ची. शिवाय मनाली आणि पहलगामच्या संस्था. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा. त्यात अ श्रेणी मिळाली तरच ॲडव्हान्स, म्हणून बेसिकला हौसेने जाऊ नका, तयारीने जा. पुढे शोध-बचावाचा कोर्स आणि शिकवायचं असेल तर मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन. जागा महिनोन्‌महिने आधी भरतात. मधल्या हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंग शिका, खोल बर्फात पायी फिरून हिमसुरक्षेचं काम होत नाही.

संस्थेचं नाव बर्फाला माहीत नसतं. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडच्या द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू संस्थेचीच प्रशिक्षणार्थी तुकडी हिमस्खलनात सापडली. त्यात त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू १६ दिवसांत चढलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल गेल्या.

शिकवण्याचं काम इथेच आहे

डिसेंबर-जानेवारीत सातारा-सांगलीतून उत्तराखंडच्या केदारकंठासारख्या बर्फातल्या ट्रेकला मुलांचे गट जातात. निघण्याआधी त्यांना दीड तास मिळवा. एक पाट, त्यावर खरखरीत कापड, मैद्याचा दाबलेला थर, वर साखरेचा पातळ थर, त्यावर पुन्हा दाबलेला मैदा. एका बाजूने पाट हळूहळू उचला आणि शेजारी कोनमापक धरा. वरचा थर फुटतो तो साखरेवरूनच. खऱ्या बर्फातही दाणेदार, न चिकटणारा थर असाच खाली लपलेला असतो आणि वर माणूस चढला की तुटतो. माणसं सापडतात त्या बहुतेक हिमस्खलनांना कारण ती स्वतः किंवा त्यांच्यातलाच कुणी असतो, हे इथे सांगा.

मग फोनच्या कोनमापकाने त्यांना अजिंक्यताऱ्याचे उतार मोजायला लावा. आधी अंदाज, मग मोजणी. बहुतेक जण दहा अंशांनी चुकतात. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. ताजं बर्फ पडल्यावर किंवा वारा सुटल्यावर एक-दोन दिवस अशा उतारावर आणि त्याच्या पायथ्यालाही जायचं नाही. ओलांडणं टळत नसेल तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून पाहत. संरक्षण खात्याची चंदीगडची डीजीआरई ही संशोधन संस्था हिमस्खलनाचा इशारा देते, तो निघण्याच्या आदल्या रात्री वाचायला शिकवा.

पैशांचं

एनडीआरएफ म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात थेट भरती नसते, केंद्रीय दलांतून प्रतिनियुक्तीवर जावं लागतं. वर्दीचा रस्ता हवा असेल तर आयटीबीपी, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस दल, पाहा, त्यांची औलीला गिर्यारोहण आणि स्कीइंगची स्वतःची संस्था आहे. बाकी बहुतेकींचं उत्पन्न हंगामी: संस्थांमध्ये प्रशिक्षक, ट्रेक कंपन्यांत सुरक्षा प्रमुख, शाळा-कॉलेजांत कार्यशाळा. कंपनीशी बोलताना तीन गोष्टी लिहून घ्या: हवामान पाहून गट मागे फिरवण्याचा शेवटचा शब्द कुणाचा, रद्द झालेल्या दिवसांचे पैसे मिळणार का, आणि विमा किती उंचीपर्यंत चालतो. उंचीचा आकडा पॉलिसीत लिहिलेला नसेल तर सही करू नका.