नागपूरहून कोकण किनारा सायकलने: टप्पे कसे पाडावेत

नागपुरात रविवारी पहाटे सायकलवर रामटेक गाठून, तर्री-पोहे हाणून, उन्हं तापायच्या आत घरी परतणारे पुष्कळ आहेत. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात. यातल्या कुणाच्या डोक्यात कोकण किनारा शिरला की हिशेब ठरलेला असतो: रोजचे शंभर आपण सहज करतो, समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाटच, तेव्हा अलिबागजवळचं मांडवा ते रत्नागिरी तीन दिवस, फार तर साडेतीन. पहिल्या खेपेला मीही हाच हिशेब घेऊन निघालो होतो. आता पाच वेळा तो किनारा करून झालाय, आणि अजूनही कुणी "तिकडे सगळं फ्लॅट आहे" म्हणाला की मी त्याला आधी रामटेकच्या गडावर सायकल चढवायला लावतो.

निघण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. "आम्ही ४५ अंशांत वाढलेली माणसं" ही शेखी मार्चनंतर कोकणात चालत नाही. आपल्याकडे घाम येतो आणि उडून जातो. तिथे तो अंगावरून नुसता वाहतो, अंग काही थंड होत नाही. ओआरएसच्या पुड्या जवळ ठेवा.

सायकल रेल्वेच्या पार्सलने मुंबईला. पेडल काढा, हँडल वळवून बांधा, मागच्या डिरेल्युरला (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाला) जुना टॉवेल गुंडाळा. सीएसएमटीहून भाऊचा धक्का सायकलनेच गाठायचा, तिथून रो-रो म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने मांडवा.

टायरची रुंदी २८ मिलिमीटरच्या खाली नको.

गिअरबाबत मात्र मी हट्टी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच रोड बाइकला पुढच्या चक्रांना ५०-३४ आणि मागच्यांना ११-२८ दात असतात. वर्धा रोडवर ते उत्तम. पण ३४-२८ वर पायांच्या मिनिटाला ६० फेऱ्या टिकवायच्या तर ताशी ९ किलोमीटरचा वेग लागतो. सामान लादून दहा टक्क्यांच्या चढावर तो वेग आपल्यासारख्यांना टिकत नाही. मग फेऱ्या चाळिसावर येतात आणि गुडघे बोलायला लागतात. मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसवून घ्या, वेग साडेसातवर आला तरी पाय फिरत राहतात. "पॉवर वाढव, कॅसेट कशाला बदलतो" असं सांगणाऱ्याला विचारा, शेवटचा कोकणात कधी गेला होतास.

टप्पे पाडणे

खरी गोम इथे आहे, आणि मी इथेच आपटलो होतो.

नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, रामटेक गावही त्याच्याच आसपास. मधला चढ म्हणजे उड्डाणपूल आणि नाल्यांवरचे पूल. कोकणात सह्याद्रीतून निघालेल्या नद्या जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, कापत समुद्राला मिळतात. गावं खाडीच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीला. आणि दोन गावांना जोडणारा रस्ता बहुतेक वेळा सड्यावरून. म्हणून गाव सोडलं की चढ, पुढचं गाव आलं की उतार. एकेक चढ शंभर-दीडशे मीटर उंचीचाच, पण दिवसातून सात-आठ वेळा. शिवाय उतारावर कमावलेलं काही हाती लागत नाही, कारण खाली पोचताच गावातली गल्ली, वळण, नाहीतर मासळीची टोपली डोक्यावर घेतलेल्या बायका. ब्रेक दाबावाच लागतो.

त्या पहिल्या खेपेला तिसऱ्या दिवसाचा टप्पा मी हरिहरेश्वर ते गुहागर असा ठेवला होता. कागदावर शंभरच्या जरा वर. सकाळी बागमांडल्याहून जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या-माणसं पलीकडे नेणाऱ्या बोटीने, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो तेव्हा शीळ घालत होतो. केळशीला अकरा वाजले. हर्णैला दोन. बुरोंडी सोडल्यावर दोनदा उतरून सायकल ढकलली. दाभोळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा पूर्ण अंधार. बोट दिवे लावून उभी होती, पोऱ्या म्हणाला, "चला दादा, लवकर." पलीकडे धोपाव्याला आधीच्या फेरीच्या गाड्या चढत होत्या. त्यांचे दिवे वर, अजून वर, मग वळून आणखी वर जाताना दिसले. मी बोटीत पाय ठेवलाच नाही. रात्र दाभोळला काढली, आणि त्या रात्री वहीत जो नियम लिहिला तो आजतागायत बदललेला नाही:

दर १०० मीटर चढाला अंतरात ४ किलोमीटर मिळवा.

मार्ग आखून देणारं कुठलंही ॲप एकूण चढ सांगतं. त्या दिवशीचं अंतर ११० आणि चढ १९०० मीटरच्या आसपास होता. १९ गुणिले ४ म्हणजे ७६, एकूण १८६. म्हणजे सामानासकट एका दिवसात रामटेकच्या जवळजवळ दोन वाऱ्या. हे आधी मांडलं असतं तर घरीच हसलो असतो. आता नियम असा: मिळवलेला आकडा ११० च्या वर गेला की टप्पा तोडायचा. किनाऱ्यावर हे ६०-६५ किलोमीटरला येतं. कमी वाटतं ना? वाटू द्या.

दुसरा सापळा सरासरीचा. ॲप म्हणतं, ३ किलोमीटरचा चढ, सरासरी ४ टक्के. ऐकायला नागपुरातली सेमिनरी हिल्सची टेकडी. प्रत्यक्षात त्यातले ६०० मीटर १० टक्क्यांचे असतात आणि उरलेले अडीच टक्क्यांचे. सरासरी बरोबर ४ च निघते. ते ६०० मीटरच तुम्हाला खाली उतरवतात. म्हणून ॲपमधल्या चढ-उताराच्या आलेखावर बोट ठेवून प्रत्येक चढ दोनशे-दोनशे मीटरने तपासा. जिथे नकाशावर रस्ता वळणं न घेता सरळ सड्यावर जातो, तिथे खूण करा; जुन्या पाखाडीवरून (दगडी पायवाटेवरून) झालेले असे रस्ते सर्वांत वाईट.

तिसरी गोष्ट खाड्या. मांडवा ते रत्नागिरी चार ठिकाणी जंगलजेट्टी लागते: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. ॲपला बोट कळली नाही तर ते तुम्हाला दाभोळहून चिपळूणमार्गे गुहागरला पाठवतं, तेव्हा रेघ खाडीवरून गेली आहे ना, हे डोळ्यांनी बघा. बोट शक्यतो दिवसाच्या पूर्वार्धात ठेवा. धक्का समुद्रसपाटीला, म्हणजे उतरताच चढ. तो संध्याकाळच्या पायांनी चढायचा नसतो. वेळा आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारा. आणि बोटीतून सगळ्यात शेवटी उतरा. आधी उतरलात तर पहिल्याच वळणावर पंधरा गाड्या मागे हॉर्न वाजवत असतात, आणि त्या घाईत चुकीचा गिअर पडून चेन निसटते. माझी वेश्वीला निसटलीय, दोनदा.

हे सगळं धरून माझे मुक्काम असे पडतात: मुरूड-जंजिरा, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे आणि सहाव्या दिवशी आरे-वारेवरून रत्नागिरी. पहिला दिवस त्यातल्या त्यात सोपा. दिवेआगर ते श्रीवर्धन पाण्याला लागून जाणारा रस्ता आहे, तिथे घाई करू नका. या एका पट्ट्यापुरता "फ्लॅट आहे" म्हणणारा खरा ठरतो, आणि बहुधा तो इथूनच फोटो काढून परतलेला असतो.

सराव

चिखलदरा करून आलात म्हणजे तयार झालात, असं समजू नका. परतवाड्याहून वर जाणारा घाट लांब आहे, एकदा लय सापडली की माणूस चढत राहतो. कोकणात लय सापडायच्या आत चढ संपतो आणि अंग गार होईपर्यंत पुढचा येतो. त्यापेक्षा रामटेकच्या गडावर जाणारा गाडीरस्ता बरा: वर, खाली, पाणी न पिता परत वर, असं सहा वेळा, पाठीमागे सामान बांधून. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास मात्र जाऊ नका, यात्रेत चालायला जागा नसते. शहरातल्या शहरात सेमिनरी हिल्सच्या दहा फेऱ्या माराव्यात. लोक वेड्यात काढतील, काढू द्या.

रस्त्यावर

उतारावर वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. वळणाच्या कडेला जांभ्याची बारीक खडी साचलेली असते, गोट्यांवरून गेल्यासारखं चाक सरकतं. हर्णैसारख्या मासळीच्या बंदराजवळ गाड्यांमधून बर्फाचं पाणी रस्त्यावर सांडतं. तो ओला पट्टा सरळ पार करा.

रोज संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने धुवा, चेन पुसून तेल द्या. एक दिवस चुकवलात तर सकाळी चेनवर तांबूस गंज दिसेल.

रत्नागिरीला पोचल्यावर काम संपलं असं वाटतं. स्टेशन गावात नाही, गावाबाहेर वर सड्यावर आहे, आणि रस्ता शेवटपर्यंत चढाचा. गाडीच्या वेळेआधी तीन तास निघा: एक तास चढाला, दोन पार्सल ऑफिसला.