टोरांटोत थांबलेल्या स्ट्रीटकारच्या मागे गाडी कुठे आणि किती वेळ थांबवावी

मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनमधून कधीमधी टोरांटोच्या क्वीन स्ट्रीटवर किंवा कॉलेज स्ट्रीटवर जाणाऱ्या मराठी चालकाने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी: तेथील स्ट्रीटकार, म्हणजे रस्त्यातल्या रुळांवरून धावणारी ट्राम, बसप्रमाणे पदपथाला लागून थांबत नाही. रूळ रस्त्याच्या मधल्या भागात असल्यामुळे प्रवासी उजवीकडच्या दारांतून थेट आपल्याच मार्गिकेत उतरतात. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना याची सवय नसणे स्वाभाविकच आहे.

ऑन्टारियोच्या वाहतूक कायद्यातील कलम १६६ प्रमाणे, प्रवाशांची चढउतार चालू असताना मागून येणाऱ्या वाहनाने दारापासून किमान २ मीटर मागे थांबले पाहिजे. हा नियम सायकलस्वारांनाही लागू आहे. हे अंतर सर्वांत मागच्या दारापासून धरावे, कारण सध्याच्या गाड्या सुमारे ३० मीटर लांब असून त्यांना चार दारे असतात. प्रवासी बटण दाबून दार उघडू शकत असल्याने पुढचे दार मिटले असतानाच मागचे उघडण्याचा संभव राहतो. सगळी दारे बंद झाली आणि उतरलेला शेवटचा माणूस पदपथावर पोहोचला, की मगच निघावे. वृद्ध व्यक्तीला किंवा बाबागाडी घेतलेल्या आईला त्यासाठी वेळ लागतो. अशा वेळी हॉर्न वाजवणे असभ्यपणाचे आहे.

अनेक थांबे चौकाच्या अलीकडेच असतात. समोरचा सिग्नल हिरवा झाला म्हणून उघड्या दारांजवळून जाण्याची मुभा मिळत नाही, आणि नवखा चालक नेमका येथेच फसतो. स्ट्रीटकारचा वेग मंदावताच, दारे उघडण्याची वाट न पाहता, आपणही वेग कमी करावा, म्हणजे ती पकडण्यासाठी पदपथावरून धावत येणारा प्रवासी वेळीच दिसतो.

डावीकडून पुढे जाण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा. एकदिशा मार्गासारखे मोजके अपवाद सोडल्यास, स्ट्रीटकार थांबलेली असो वा चालती, तिला डावीकडून ओलांडण्यास कायद्याने मनाई आहे.

स्पडायना ॲव्हेन्यू आणि सेंट क्लेअर ॲव्हेन्यूवर प्रवाशांसाठी रस्त्यात उंच फलाट बांधलेले आहेत. तेथे थांबण्याची सक्ती नाही. तरीही वेग बेताचा ठेवावा आणि फलाटाच्या टोकाकडे लक्ष द्यावे, कारण सिग्नलची वाट न पाहता रस्ता ओलांडणारे तेथूनच खाली उतरतात.