हिवाळ्यात आवळा वाळत नाही? ट्रे तिरपा करून पाहा

मागच्या डिसेंबरात मी पाच किलो आवळ्याची कँडी करायला घेतली, पाकातून काढलेल्या फोडी गच्चीवर प्लास्टिकवर पसरवल्या, ऊन एकदम लख्ख होतं, तरी चौथ्या दिवशी बघतो तर फोडी चिकट त्या चिकटच आणि खालच्या बाजूनं बुरशी. मला वाटलं नागपूरची थंडी, दुसरं काय. आई म्हणे, "अरे ऊन तिरपं येऊन राहिलं न, मंग तू सपाट कायले पसरवतं?" थंडीचाही हात असतोच, पण खरी गोम आईनं सांगितली तिथेच होती.

आधी हे स्वतः बघून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. चौकटींची वही घ्या, खोलीत अंधार करा, मोबाईलच्या टॉर्चसमोर पुठ्ठ्याची नळी धरा आणि उजेड सरळ वरून कागदावर पाडा. गोल डाग पडेल, पेन्सिलीनं आखून किती चौकटी भरल्या ते मोजा. आता अंतर तेवढंच ठेवून नळी कागदाशी साधारण ३० अंशांवर येईल इतकी झुकवा. डाग लांबोडका होतो आणि चौकटी जवळपास दुप्पट भरतात. उजेड तेवढाच, चौकटी दुप्पट, म्हणजे एकेका चौकटीच्या वाट्याला अर्धा! कणकेचा गोळा तोच ठेवून पोळी मोठी लाटली तर पातळ होणारच न.

आता गच्चीवर चला. ३० सेंटीमीटरची पट्टी किंवा तेवढीच सरळ काडी उभी करा, सावली मोजा. सावलीही ३० आली तर सूर्य ४५ अंशांवर आहे. नेमका आकडा पाहिजे असेल तर वहीत काडी उभी आणि सावली आडवी असा काटकोन काढा, टोकं जोडा आणि सावलीच्या टोकाशी कोनमापक लावा. नागपूर २१ अंश उत्तरेला, म्हणून २१-२२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या जेमतेम वर जातो, आणि सपाट जमिनीला सरळ उन्हाच्या ७१ टक्केच मिळतं. सकाळी ९ ला तर काडीची सावली ६० सेंटीमीटरच्या पुढे जाते न बाप्पा, तेव्हा जेमतेम ४३ टक्के, शिवाय तिरपं ऊन हवेच्या जास्त जाड थरातून येतं म्हणून वाटेत अजून थोडं गळतं. गंमत म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, तरी आपण स्वेटर घालून बसतो. जवळ असून काय उपयोग, कोन चुकला की गेलं.

भर दुपार म्हणजे ठोक १२ समजू नका. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि नागपूर ७९ वर, त्यामुळे डिसेंबरअखेर सूर्य सव्वाबाराच्या आसपास त्याच्या सगळ्यात वरच्या जागी येतो. त्या वेळेला काडीची सावली सगळ्यात छोटी होते आणि बरोबर उत्तरेकडे पडते, तिच्या उलट दिशा म्हणजे दक्षिण, तिथेच खडूनं रेघ मारून ठेवा. मोबाईलचा कंपास कधीकधी लोखंडी टाकीजवळ भलतंच दाखवतो.

मग ट्रे दक्षिणेकडे झुकवायचा. माझ्याकडे दोन फुटी ट्रे होता, त्याची उत्तरेकडची कड चार आडव्या विटांवर ठेवली, म्हणजे फूटभर उचलली, झाले ३० अंश. उन्हाला एकदम काटकोनात धरायचं तर ४५ अंश लागतात, पण तितका उतार दिला तर फोडी घसरून खालच्या कडेला ढीग होतो (झाला होता), आणि ३० वरच दुपारचं ९७ टक्के ऊन मिळत असेल तर उरलेल्या तीनसाठी कायले मरायचं. सपाटच्या मानानं जवळपास सव्वापट-दीडपट. फोडींवर जुनी ओढणी ताणून बांधा, कावळे आणि घसरण दोन्ही सांभाळल्या जातात.

कोन बरोबर आहे का हे बघायची एक युक्ती आहे, लाकडी पाटीचा तुकडा घेऊन त्यात खिळा सरळ ठोका आणि पाटी ट्रेवर ठेवा. खिळ्याची सावली जितकी छोटी तितकं ऊन सरळ, सावली गायब झाली तर शंभर टक्के. छतावरच्या सोलर पॅनलच्या बाजूलाही हीच पाटी टेकवून बघता येते, फक्त पॅनल वर्षभरासाठी बसवलेलं असतं म्हणून त्याचा कोन डिसेंबरपुरता ठरवत नाहीत.

दर दोन तासांनी ट्रे सूर्यामागे फिरवायची हौस मी दोन दिवस केली, मग सोडली. घरात दुसरी कामं असतात.

मे महिन्यात मात्र हे उलटं होतं. २६ मेच्या आसपास नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास उभ्या काडीची सावली दिसतच नाही, तेव्हा ३० अंश झुकवलेल्या ट्रेला उलट ८७ टक्केच मिळेल. कुरडया आणि सरगुंडे घालायच्या आधी विटा काढून टाका, बाज सपाटच राहू द्या.