उतरताना गुडघे आत वळतात? आधी घोटा तपासा, मग खुबा

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीची फेरी झाली की मंगळवारी अनेकांचे गुडघे बोलू लागतात. चढताना दम लागतो, पण गुडघ्याची परीक्षा उतारावरच होते. उतरताना मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू लांबत असतात आणि त्याच वेळी शरीराचं वजन तोलत असतात. कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू, म्हणजे ग्लूट मीडियस, त्यात कमी पडला की मांडी आत फिरते आणि गुडघा अंगठ्याच्याही आत जातो. नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या उतरणाऱ्यांकडे खालून पाहिलंत तर हे सहज दिसेल.

व्यायामाच्या आधी चाचणी करा. मोबाईल समोर दोन मीटरवर, गुडघ्याच्या उंचीला ठेवा. अनवाणी उभे राहा, पावलं खुब्याइतकी रुंद आणि बोटं सरळ समोर ठेवा, हात सरळ डोक्याच्या वर न्या. खुर्चीच्या उंचीपर्यंत सावकाश पाच बैठका काढा. मग दोन्ही टाचांखाली दोन-अडीच सेंटीमीटर जाडीची फळी ठेवून पुन्हा पाच. फळीवर गुडघे सरळ राहिले, तर मुख्य दोष आखडलेल्या पोटरीचा आणि घोट्याचा. फळीवरही आत वळले, तर खुबा कमजोर. बऱ्याच जणांत दोन्ही थोडंथोडं असतं. फळी न ठेवता केलेली चाचणी अर्धीच, कारण मग माणूस सहा आठवडे कुल्ल्याचे व्यायाम करतो आणि अडचण पोटरीत असते.

घोट्याची खात्री करायला भिंतीसमोर एक पाऊल ठेवा, अंगठा भिंतीपासून दहा सेंटीमीटरवर. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकत नसेल, किंवा गुडघा जेमतेम टेकतो त्या अंतरात दोन पायांत दोन सेंटीमीटरहून जास्त फरक असेल, तर त्या बाजूवर काम हवं. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पायाने पेडल दाबत पाळी काढणाऱ्यांनी दोन्ही पाय वेगवेगळे मोजावेत.

आता क्रम. आखडलेलं आधी सैल करायचं, मग ताणायचं, मग झोपलेल्या स्नायूला जागं करायचं आणि शेवटी सगळं एकत्र हालचालीत आणायचं. पोटरीखाली फोम रोलर घ्या, नसेल तर टेनिस बॉल. दुखरी जागा सापडली की तिथे ३० ते ६० सेकंद थांबा. खसाखसा घासून काही होत नाही. हाडावर दाब नको. पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर ही पायरी सोडा.

मग भिंतीला हात लावून मागचा पाय सरळ ठेवा, ३० सेकंद, दोन वेळा. नंतर तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा तितकंच, कारण पोटरीतला खोलवरचा स्नायू गुडघा वाकवल्यावरच नीट ताणला जातो. इथली नेहमीची चूक म्हणजे मागचं पाऊल बाहेर वळवणं. तळव्याची कमान खाली बसते, ताण तिथेच निसटतो आणि पोटरी होती तशीच राहते. कमानीखाली रुमालाची गुंडाळी ठेवली की हे टळतं. मांडीची आतली बाजू घट्ट असेल, तर तीही अशीच ३० सेकंद ताणा.

खुब्यासाठी कुशीवर झोपा, पाठ आणि वरची टाच भिंतीला टेकवा. वरचा पाय सरळ, बोटं किंचित जमिनीकडे. टाच भिंतीवरून सरकवत पाय उचला, दोन सेकंद थांबा, चार सेकंदांत खाली आणा. १२ वेळा, दोन फेऱ्या. ताण पॅंटच्या पुढच्या खिशापाशी जाणवला, तर मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू काम चोरून नेतो आहे. टाच भिंतीत थोडी दाबा, ताण मागच्या खिशाकडे सरकेल. पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा व्यायामही करत असाल आणि त्यात मांडीच्या मागे पेटके आले, तर टाचा कुल्ल्याजवळ ओढा.

शेवटी पंधरा सेंटीमीटरची पायरी आणि समोर आरसा. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच चार सेकंदांत जमिनीला हलकी टेकवा आणि वर या. पायरीवरच्या पायाचा गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. प्रत्येकी दहा वेळा. रेषा मोडली की तिथेच थांबा, कारण पुढची प्रत्येक उठबस चुकीचीच सवय पक्की करते. पायरी उंच वाटली तर जाड पुस्तकापासून सुरू करा.

हे आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटं. दर दोन आठवड्यांनी तोच व्हिडिओ, तीच फळी. बदल दिसायला साधारण चार ते सहा आठवडे धरा.

द्राक्षबागेत मांडवाखाली हात वर करून काम करणाऱ्यांची तक्रार खांद्याची, पण तर्क हाच. हात वर नेताना कंबर आत बाक घेऊन पुढे वाकते का ते आधी पाहा. वाकत असेल तर छाती आणि काख ताणा. मग भिंतीला पाठ टेकून हात सरकवत वर न्या, कंबर भिंतीपासून सुटू न देता, दहा वेळा. हे गोडी छाटणीच्या (द्राक्षाच्या फळछाटणीच्या) महिनाभर आधी सुरू करावं, हंगामात वेळ मिळत नाही.

गुडघा सुजला, मध्येच अडकला, रात्री ठणकू लागला किंवा पायात बधिरपणा आला, तर यातलं काहीही करू नका. फिजिओथेरपिस्टकडे किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना मोबाईलमधला व्हिडिओ दाखवायला सोबत न्या.